पहिली-दुसरीच्या वर्गात वाचन-लेखनाची घडी कशी बसवावी : नव्या शिक्षकांसाठी

मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग पहिल्यांदा हातात आला की बहुतेक नवे शिक्षक ठरलेल्या वाटेने जातात. आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग काना-मात्रा नसलेले शब्द, शेवटी जोडाक्षरं. गोष्ट वाचणं, मनातलं लिहिणं हे सगळं 'अक्षरं पक्की झाल्यावर'. या क्रमात घरी पुस्तकं असलेली मुलं कशीबशी तरून जातात. बाकीची मात्र कितीतरी महिने 'क कमळाचा' म्हणत राहतात आणि वाचणं कशासाठी असतं हे त्यांना उमगतच नाही. अक्षरओळख आणि अर्थ ही दोन्ही कामं जूनपासून रोज शेजारी शेजारी चालली पाहिजेत. ती कशी चालवायची ते पुढे दिलं आहे.

आधी प्रत्येक मूल कुठे आहे ते पाहा

पहिले चार-पाच दिवस यासाठी ठेवा. एका कागदावर दहा अक्षरं, दहा शब्द (पाच 'घर', 'नमन' असे, पाच 'काका', 'मामी' असे), चार छोटी वाक्यं आणि सात-आठ ओळींची सोपी गोष्ट लिहा. मुलाला बाजूला बसवून गोष्टीपासून किंवा वाक्यांपासून सुरुवात करा. जमलं नाही तर शब्दांवर या, तेही जमलं नाही तर अक्षरांवर. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. बाकीचा वर्ग तेवढ्यात चित्रं काढत बसतो.

मजकूर पाठ्यपुस्तकातला नको. पहिलीची कविता मुलांना मोठ्या भावंडांकडून पाठ झालेली असते आणि बोट फिरवत ती धडाधड म्हणतात. शंका आली तर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून 'हे काय?' असं विचारा. पाठ म्हणणारं मूल पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जातं.

नोंद 'येतं' किंवा 'येत नाही' एवढीच ठेवू नका. अडतं कुठे ते लिहा. अक्षरं ओळखणारं पण 'क... म... ळ...' म्हणून थांबणारं मूल आवाज जोडण्यात अडलं आहे. 'क ला काना का, न' असं म्हणणाऱ्याला चिन्हाचं नाव येतं, आवाज येत नाही. घडाघडा वाचून 'गोष्टीत काय झालं?' या प्रश्नाला गप्प बसणाऱ्याची अडचण भाषेची आहे. या तिघांना एकच सराव दिला तर तिघांचाही वेळ जातो.

रोजचे दीड तास

भाषेला सलग दीड तास मिळेल असं वेळापत्रक लावा, शक्यतो सकाळी परिपाठानंतर लगेच. अंदाजे वाटणी अशी: पंधरा-वीस मिनिटं गप्पा आणि गोष्ट, पंचवीस मिनिटं अक्षर-शब्दांचं काम, वीस मिनिटं वाचन, पंचवीस मिनिटं लेखन. घड्याळाला चिकटून राहायची गरज नाही. फक्त चारपैकी एकही भाग सलग दोन दिवस गळू देऊ नका. बहुतेक वेळा गळतं ते लेखन, कारण ते शेवटी असतं. आठवड्यातून दोन दिवस सुरुवातच लेखनाने करा.

द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसतात. तिथे अक्षर-शब्दांच्या वेळेपुरते गट इयत्तेप्रमाणे न करता मुलं कुठे अडली आहेत त्यावरून करा. एका गटाजवळ तुम्ही बसा, दुसरा कार्डांचा खेळ खेळेल, तिसरा पुस्तकं चाळेल. दर पंधरा दिवसांनी गट बदला. महिनोन्महिने तेच गट राहिले की मुलं स्वतःला 'कच्चा गट' म्हणू लागतात, आणि तो शिक्का पुसायला फार वेळ लागतो.

गोष्ट वाचून दाखवणं

गोष्ट सांगणं आणि पुस्तकातून वाचून दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. वाचून दाखवताना मुलांना दिसतं की कागदावरचे शब्द दर वेळी तेच राहतात, पान उलटलं की गोष्ट पुढे सरकते, वाचणाऱ्याची नजर डावीकडून उजवीकडे जाते. ज्या घरात कुणी वाचत बसलेलं दिसत नाही, तिथल्या मुलाला हे दाखवणारी जागा शाळाच असते.

पुस्तक आदल्या दिवशी स्वतः वाचा आणि थांबायच्या दोन-तीन जागा ठरवा. मुखपृष्ठ दाखवून 'गोष्ट कशाबद्दल असेल?' असं विचारा. वाचताना पुस्तक मुलांकडे वळवलेलं असू द्या. ठरलेल्या जागी थांबून 'आता काय होईल?' एवढंच विचारा, दोन-तीन उत्तरं घ्या आणि पुढे चला. दर पानावर प्रश्न विचारले की गोष्ट मरते. शेवटी एखादा प्रश्न गोष्टीत सरळ उत्तर असलेला, एखादा 'का केलं असेल?' असा आणि एखादा 'तू असतीस तर?' असा पुरे. तात्पर्य विचारू नका. तेच पुस्तक आठवड्यात दोन-तीनदा वाचा. मुलं कंटाळत नाहीत, उलट तिसऱ्या वेळी ओळी तुमच्याबरोबर म्हणू लागतात.

अक्षरं : पाच-पाचच्या गटांनी

वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानावरून लावलेला आहे. शास्त्र म्हणून तो सुंदर आहे, पण नव्याने वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. क, ख, ग, घ शिकून झाल्यावर वाचता येईल असं फारसं काही हाती लागत नाही. त्याऐवजी खूप वेळा येणारी, दिसायला वेगळी अक्षरं आणि एक स्वरचिन्ह असा गट करा.

पहिला गट: म, क, र, न, ल आणि काना. एवढ्यावर कान, नाक, काम, मान, लाल, काका, मामा, कमान, नकार हे शब्द होतात आणि वाक्यंही होतात: 'काका, काम करा.' 'नाक लाल, कान लाल.' पहिल्या पंधरवड्यातच मूल पूर्ण वाक्य वाचतं, हसतं, आणि वाचणं म्हणजे काय ते त्याला कळतं.

दुसरा गट: ब, घ, स, त, ग आणि दुसरी वेलांटी. घर, बस, बाग, घागर, मासा, मी, मामी. वाक्य: 'ससा घरात बसला.' 'मामी, बाग बघा.'

तिसरा गट: प, ट, च, ळ, द आणि एक मात्रा. केळी, पेटी, टाळी, पेला, दार. वाक्य: 'दादा, मला केळी दे.'

पुढचे गट याच रीतीने तुम्ही बांधू शकता. नियम दोन. दिसायला सारखी अक्षरं एका गटात नकोत: म-भ, घ-ध, थ-य, ब-व, ट-ठ-ढ, प-ष, ड-उ. पहिलं पक्कं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरं आणा, मगच दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवा. दुसरा नियम स्वरचिन्हांचा: काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा ही आधी घ्या. पहिली वेलांटी उशिरा. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेलं मूल तिथे हमखास गोंधळतं. उकार आणि अनुस्वार तिच्या आगेमागे घेतले तरी चालतात.

एका गटाला साधारण दोन आठवडे द्या. दिवाळीच्या सुटीपर्यंत पाच-सहा गट झाले तर वर्ग चांगला चालला आहे असं समजा.

एका अक्षराचा पाठ कसा घ्यायचा ते 'म' घेऊन पाहू. सुरुवात कानापासून करा, फळ्याकडे वळूच नका. 'मामा, मासा, माकड, पाटी. यात वेगळा आवाज कुणाचा?' मुलं 'पाटी' म्हणतील. 'म ने सुरू होणारी नावं सांगा' म्हटलं की वर्गातल्या मनीषा आणि महेश हात वर करतात. मग 'नाम, काम, कान' म्हणून शेवटचा आवाज ओळखायला लावा. हे पाच-सात मिनिटं झाल्यावरच फळ्यावर मोठा 'म' काढा आणि त्याला 'म' म्हणा, 'म मक्याचा' नको. वस्तूचं नाव जोडलं की पुष्कळ मुलं अक्षर पाहून 'मका' वाचतात. मग पाटीवर गिरवणं, हवेत बोटाने काढणं, कालच्या मजकुरातले सगळे 'म' शोधून गोल करणं.

शब्द वाचताना अक्षरं सुटी म्हणून शेवटी एकत्र करायला सांगितलं तर पहिलं अक्षर विसरलेलं असतं. जोडत जायला शिकवा. 'घागर' साठी फळ्यावर एकाखाली एक लिहा: घा, घाग, घागर. प्रत्येक पायरी एका दमात म्हणायची. 'कमळ' असं वाचलं की शेवटचा ळ आपण आखूड म्हणतो, 'ळऽ' असा लांबवत नाही. मूल 'कऽमऽळऽ' म्हणालं तर विचारा, 'आपण बोलताना कसं म्हणतो?' ते स्वतःच दुरुस्त करतं. 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत, 'चमचा' आणि 'चिमणी', 'जहाज' आणि 'जीभ'. नियम सांगत बसू नका. ओळखीचा शब्द असेल तर मूल बरोबर उच्चारावर येतं.

बाराखडी पाठ म्हणून घेण्यापेक्षा आडवी-उभी वाचायला द्या. तक्त्यावर बोट कुठेही ठेवायचं आणि मुलांनी वाचायचं. 'का, मा, रा, ना, ला' अशी उभी ओळ वाचली की कान्याचा आवाज सगळीकडे तोच आहे हे लक्षात येतं. पाठांतरात ते हरवतं.

अक्षरकार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांची करा, साधारण आठ सेंटिमीटर चौरस. स्वरचिन्हांची कार्डं वेगळ्या रंगात. चार मुलांत एक संच. मोबाइलवरून छापील सरावपत्रक घेत असाल तर 'ल' आणि 'श' कसे आले आहेत ते तपासा. अनेक फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे असतात आणि फळ्यावर मराठी वळण पाहणारं मूल ते वेगळंच अक्षर समजतं.

मुलांचं बोलणं तक्त्यावर

ज्या मुलांना अजून चारच अक्षरं येतात त्यांनाही पूर्ण मजकूर वाचायचा अनुभव हवा. त्यासाठी हा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. लागतो तो एक मोठा कागद आणि जाड मार्कर.

सोमवारी सगळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या घटनेवर बोलणं काढा: शाळेच्या पत्र्यावर आलेली माकडं, पहिला पाऊस, गावची जत्रा. मुलं बोलतील त्यातली चार-पाच वाक्यं निवडून त्यांच्याच शब्दांत, त्यांच्यासमोर लिहा. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणा. अक्षरं चार-पाच सेंटिमीटर उंच हवीत, म्हणजे मागच्या ओळीला दिसतील. उदाहरणार्थ:

माकडं आली.
पत्र्यावर नाचली.
बाई ओरडल्या.
माकडं पळाली.
एक माकड परत आलं.

त्या दिवशी छडीने एकेका शब्दाखाली दाखवत सगळ्यांनी मिळून दोन-तीनदा वाचा. दाखवणं शब्दाशब्दाला व्हावं. ओळीखालून छडी सरकवत नेली तर शब्द कुठे संपतो ते कळत नाही. मंगळवारी 'माकड' कुठे कुठे आहे ते शोधायचं. बुधवारी वाक्यांच्या पट्ट्या कापून क्रम लावायचा. गुरुवारी एका वाक्यातले शब्द कापून पुन्हा वाक्य बनवायचं. शुक्रवारी 'माकडं आली'च्या जागी 'गाई आल्या' असं नवं वाक्य रचायचं. तक्ता फेकू नका, भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीला लावा. मधल्या सुटीत मुलं तो आपणहून वाचतात.

लेखन : पाहून उतरवणं पुरेसं नाही

फळ्यावरचं उतरवून घेतल्याने अक्षर वळणदार होतं, एवढाच त्याचा फायदा. अर्थ न कळताही मूल पान भरून उतरवू शकतं. लेखन म्हणजे मनातलं कागदावर आणणं, आणि ते पहिलीच्या पहिल्या महिन्यातच सुरू होतं, चित्राने.

मुलाला चित्र काढू द्या. मग जवळ बसून 'हे काय आहे?' विचारा आणि ते म्हणेल ते चित्राखाली त्याच्या देखत लिहा. पंधरा-वीस दिवसांनी 'यातला तुला येणारा एक शब्द तू लिही' म्हणा. दुसऱ्या गटापर्यंत आलेलं मूल 'मी', 'घर', 'मामा' लिहू लागतं. पुढे ऐकू येईल तसं लिहायला मोकळीक द्या.

दुसरीतल्या मुलाने असं लिहिलं समजा: 'मि मामा कडं गलो. बस मदे गरदि होति.' लाल शाईने सगळं दुरुस्त करायचा मोह होतो. थांबा आणि यात काय येतं ते पाहा. दोन पूर्ण वाक्यं आहेत, क्रम आहे, पूर्णविराम आहे. कानाला जे स्पष्ट येतं ते बहुतेक बरोबर उतरलं आहे. कच्चं आहे ते असं: 'गेलो'ची मात्रा राहिली, वेलांट्या सगळ्या पहिल्या, 'मध्ये' आणि 'गर्दी' ही जोडाक्षरं अजून शिकवलेली नाहीत, 'मामाकडं' आणि 'बसमध्ये' तोडून लिहिले. आधी मजकुरावर बोला: 'गर्दीत तू कुठे उभा राहिलास?' मग एकच गोष्ट घ्या. इथे मात्रा घ्यावी, कारण ती शिकवून झाली आहे आणि ती चुकल्याने शब्दच बदलतो. 'गलो' त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा, बहुतेक वेळा चूक स्वतःच सापडते. जोडाक्षरं सोडून द्या. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहितात, हे दोन आठवड्यांनी सगळ्या वर्गाला एकदम सांगता येईल. प्रत्येक चुकीवर रेघ मारली की मूल खात्रीच्या तीन-चार शब्दांतच लिहायला लागतं, आणि वर्षभर तुम्हाला 'माझे नाव... माझी शाळा...' एवढंच वाचायला मिळतं.

श्रुतलेखन रोज घ्या, पण छोटं: शिकवलेल्या अक्षरांचे पाच शब्द आणि एक वाक्य. लगेच फळ्यावर लिहून मुलांनाच तपासू द्या. गुण देऊ नका. न शिकवलेलं अक्षर श्रुतलेखनात घातलं तर ती परीक्षा नशिबाची होते.

वळणाबद्दल थोडंसं. पहिलीत पाटी आणि मोठे कोरे कागद, दुरेघी वही बोटं सरावल्यावर. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच, सलग द्यायची सवय लावा. अक्षरागणिक रेघ दिली की 'घा ग र' असे तुकडे पडतात आणि दोन शब्दांतली मोकळी जागाही मुलाला कळत नाही. ती कळावी म्हणून सुरुवातीला दोन शब्दांमध्ये डाव्या हाताचं एक बोट ठेवायला सांगा.

जोडाक्षरं

दुसरीच्या पहिल्या सत्रात आरामात घ्या. आधी त्याच अक्षराची जोडी: पक्का, कच्चा, चप्पल, गल्ली. मग पहिल्या अक्षराचा उभा दंड गळणारी: पुस्तक, रस्ता, दप्तर, गोष्ट. त्यानंतर 'र'ची रूपं, एका वेळी एकच: चक्र, मग ट्रक, मग सूर्य, शेवटी दऱ्या. रफार वाचला जातो अक्षराच्या आधी आणि दिसतो डोक्यावर, म्हणून त्याला जास्त दिवस लागतात. 'सूर्य' टाळ्या वाजवून तोडा: सूर्‌-य. पहिली टाळी कुठे संपते ते ऐकू आलं की रफार लिहिणं सोपं जातं.

गती आणि समज

मुलांना लवकर अर्थासह वाचता यावं आणि अंकगणित यावं यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत अशी अपेक्षा आहे. मोजायचं असं: अनोळखी मजकूर द्या, एक मिनिट लावा, वाचलेले शब्द मोजा, चुकलेले वजा करा, मग दोन-तीन प्रश्न विचारा. महिन्यातून एकदा पुरे. रोज घड्याळ लावलं तर मुलं शेवट गिळत धावतात आणि आकडा वाढूनही समज तिथेच राहते. गती वाढते ती सोपं, आवडीचं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्याने. वर्गात दोरी बांधून पानाला एक-दोन वाक्यं असलेली पुस्तकं लटकवा. कपाटातली, कुलपातली पुस्तकं कुणी वाचत नाही. फाटली तर चिकटवता येतात.

घरची भाषा

मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, नंदुरबारकडचं पावरी, गडचिरोलीतलं गोंडी. त्याला 'कणीस' हे अक्षरं जोडून वाचता येईल, पण शब्दच माहीत नसेल तर वाचलेलं पोकळ राहतं. गोष्टीतले पाच-सहा शब्द आधी वस्तू किंवा चित्र दाखवून घ्या आणि मुलांकडून त्यांच्या भाषेतले शब्दही विचारून दोन्ही फळ्यावर लिहा. वऱ्हाडात आणि खानदेशात 'पानी' (पाणी), 'काया' (काळा) असं बोललं जातं आणि मूल तसंच लिहितं. त्याने ऐकलेलं अचूक उतरवलं आहे, त्याला अशुद्ध म्हणू नका. 'आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात' असं शेजारी शेजारी दाखवा.

मधेच जाणारी मुलं

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलात परततात. ज्यांची आजी-आजोबांकडे राहायची सोय होते त्यांचं शाळेत येणं सुटू नये म्हणून आजीला स्वतः भेटा. जी जाणार आहेत त्यांच्यासोबत तीन-चार सोपी पुस्तकं, कोरी वही आणि झालेल्या गटांची अक्षरकार्डं पिशवीत बांधून द्या. पिशवी हरवली तरी चालेल. मूल परत आलं की वर्ग कुठे पोचला आहे ते न बघता जूनमधला तोच कागद पुन्हा समोर ठेवा आणि ते जिथे अडतं तिथल्या गटात त्याच दिवशी बसवा.